कॅप्टन हॅलम यांचा दुखरा पाय

बाथ, जानेवारी १८१४

लाडक्या ताईस,

माझा खोकला गेला. बाबांचे गुडघे कसे आहेत?

काल नाचाच्या समारंभात कॅप्टन हॅलम थेट माझ्यासमोर आले, नाचाल का म्हणून विचारायला. भिंतीच्या कडेला बसणाऱ्या मुलीपाशी कोण येतं? मित्रांशी पैज लागली असणार, नाहीतर मावशीने गळ घातली असणार. मी पाय दुखतो म्हणून सांगितलं. एकाला नकार दिला की त्या दिवशी दुसऱ्या कुणाबरोबरही नाचता येत नाही, तुला ठाऊकच आहे.

ते शेजारीच बसले.

"तुम्हाला कुणी अडवलंय? नाचा की."

"माझाही पाय दुखायला लागलाय."

शेवटपर्यंत उठले नाहीत. मला काही त्यांचं दुखणं खरं वाटलं नाही.

आत्ता ते एकटेच आलेत, माझ्या पायाची चौकशी करायला. मावशी जिन्यातून विचारतेय, "हा लंगडणारा कोण गं?"

ताई, मी कुठला पाय सांगितला होता, तेच आठवत नाही.

तुझी घाबरलेली,
टॅबिथा