बेचाळीस पावले आणि एक सूप

जालना, १२ मे

तीर्थरूप गिरिधरमामा,

नमस्कार. (शिरसाष्टांग लिहिणार होते, पण तसा मी कधी घातलेला नाही, आणि न केलेले काम केले म्हणून लिहू नये, हे गणिताच्या वहीबाबत तुम्हीच सांगितले होते.) गुडघा कसा आहे? "बरा आहे" असे कळवू नका. अंबडच्या घराच्या चौदा पायऱ्यांपैकी न थांबता किती चढता, तो आकडा कळवा. रजनीमामींची खुशाली त्यांच्याकडूनच समजते. मी ठीक आहे. या पत्रात कसलीही विनंती नाही.

आमच्या बियाण्याच्या कारखान्याने मला मार्चमध्ये एक दिवसाच्या प्रशिक्षणाला पाठवले होते. विषय होता, सगळ्यांना सामावून घेऊन पुढारपण कसे करावे. (जेवण उत्तम होते, बोलणारे चारही जण पुरुष होते.) परत आल्यावर मी रोज सकाळी सगळ्यांना गोल उभे करून प्रत्येकाने बोलायचे, असा नियम केला. पहिल्या दिवशी मशीनवरचे तीन पुरुष अकरा मिनिटे बोलले आणि निवडणीच्या नऊ बायका शून्य. दुसऱ्या दिवशी मी पुरुषांना शेवटी बोलायला सांगितले. मग चार मिनिटे कोणीच बोलले नाही, आणि शेवटी मशीनवरच्या कचरूभाऊंनी चहाचे विचारले. निवडणीतल्या तुळजाबाई तर दोन्ही दिवस खांबाच्या मागे उभ्या होत्या. मी वहीत लिहिले, "आत्मविश्वास कमी." हे वाक्य लक्षात ठेवा, ते मला नंतर खोडावे लागले.

दुसरा नियम मी मशीनसाठी केला. धोका दिसला तर ऑपरेटरला नावाने मोठ्यांदा हाक मारायची. नुसते "अहो" म्हटले तर तिघे वळून बघतात, हे मी तपासले होते. नियम तिन्ही पुरुषांना वाचून दाखवला, तिघांनी बराबर आहे म्हटले, मी तो भिंतीवर लावला. थांबवायचे लाल बटण ऑपरेटरच्या पिवळ्या चौकटीत आहे, आणि त्या चौकटीत दुसऱ्या कोणी पाऊल ठेवायचे नाही, हाही नियम माझाच.

गेल्या मंगळवारी सोयाबीनचे बियाणे चालू असताना तुळजाबाईंना पट्टा घसरल्याचा आवाज आला. (त्यांना तो कोणत्याही सेन्सरच्या आधी येतो. हे मी आता मोजले आहे.) मशीनवर पुंजारामभाऊ होते, त्यांची पट्ट्याकडे पाठ. आता पुंजारामभाऊ म्हणजे तुळजाबाईंच्या नवऱ्याचे थोरले भाऊ, त्यांचे भाया. भायाचे नाव घ्यायचे नाही, त्यांच्याशी बोलायचे नाही, समोर यायचे नाही. (खांबाचे कारण हेच.) म्हणून त्या बेचाळीस पावले पळत निवडणीच्या खोलीत गेल्या आणि बेबीनंदाला म्हणाल्या, तू हाक मार. बेबीनंदा पुंजारामभाऊंची चुलतसून. तिने सुरेखाकडे पाहिले. सुरेखा त्यांची सख्खी सून, आणि सासऱ्याचे नावही घ्यायचे नाही. सगळ्या टेंभुर्णीच्या, एका भावकीतल्या. कामाला घेताना "एकोप्याने काम करतील" असा शेरा मीच मारला होता. तिघी मिळून परत पळाल्या. तोवर धूर निघाला होता. तेव्हा तुळजाबाईंनी चौकटीच्या बाहेर, रेषेला पाय न लावता उभे राहून हातातले सूप फेकले. ते भायाच्या पाठीत बसले. भायाचे नाव घ्यायला मनाई आहे. सुपाबद्दल कोणी काही ठरवलेले नाही.

पट्टा जळाला, चार तास काम बंद. नव्या ग्रेडरवर (बियाणे आकाराप्रमाणे वेगळे करणारे मशीन) पहिली बाई ऑपरेटर म्हणून मी तुळजाबाईंचे नाव दिले होते. आमचे मॅनेजर काकासाहेब म्हणाले, ते आता खोडा. मी म्हटले, खोडणार नाही. चूक नियमात आहे आणि नियम माझा आहे. ते म्हणाले, नियमावर सगळ्यांची संमती होती. मी वही पाहिली. बारापैकी तीन जणांची होती.

मग मी निवडणीच्या खोलीत जाऊन खाली बसले आणि तुळजाबाईंना म्हटले, मी रोज तुम्हाला बोला म्हणत होते, तर हे का सांगितले नाही? त्यांनी सोयाबीनमधला खडा काढून बाजूला ठेवला.

"मॅडम, तुम्ही बोला म्हणून राह्यल्या. इचारून कुठं राह्यल्या?"

मी विचारले. उत्तर अर्ध्या मिनिटात मिळाले. मशीनच्या कडेने दोरी बांधा, कोणीबी ओढली की घंटी वाजावी अन् मशीन बंद व्हावी. मंग नावाचं कामच काय? मशीनच्या सुरक्षेच्या पुस्तकात हे असतेच. मी पुस्तक वाचले होते. दोरी शनिवारी बसवली. तीन सेकंदांत मशीन थांबते. पुंजारामभाऊ स्वतः काकासाहेबांकडे गेले आणि खाली बघत म्हणाले, "पट्टा जळून राह्यला ते तिला समजलं, मला न्हाई समजलं. ती मशीनवर आली तर माझं काही म्हणणं न्हाई. सूप तेवढं लांब ठेवा." काकासाहेबांनी तुळजाबाईंचे नाव कायम ठेवले आहे. ३१ तारखेला परीक्षा. ती त्या देणार आणि मी त्यांना बसवणार.

मामींना नमस्कार.

आपली,
गंधाली

ता. क. परीक्षेत पॅनेलवरचे आकडे वाचून नोंदवहीत लिहायचे आहेत. तुळजाबाई दुसरी शिकलेल्या आहेत. साडेआठ समजते, ८.५ दिसले की त्या पंच्याऐंशी वाचतात. मी समजावते तेव्हा त्या माझ्यासाठी "समजलं" म्हणतात. तुम्ही जालन्याला आठ दिवस राहायला या. दशांश तुमच्याइतके कोणी शिकवत नाही. मात्र एक अट. तुमच्या वर्गात ज्याचा हात आधी वर, त्याला प्रश्न असायचा. मी दोन वर्षे चौथ्या बाकावर होते आणि एकदाही हात वर केला नाही. उत्तरे येत होती. तुळजाबाईही हात वर करणार नाहीत. तुम्ही विचारा, आणि मग थांबा. निदान दहा सेकंद. मी मोजून पाहिले आहे, पुरतात.

ता. क. २. हे पत्र घेऊन येणाऱ्या हरिओमजवळ एक घंटी आणि नऊ मीटर दोरी आहे. मामींच्या "अहो, ऐकलं का" या हाकेला तुम्ही सरासरी पाचव्या वेळी ओ देता, असे त्यांनी सांगितले. घंटी तुमच्या खुर्चीवर बसेल, दोरी स्वयंपाकघरात. हरिओम ती लावूनच परतेल. मामींचे सगळे ठरले आहे. तुम्हाला विचारायचे तेवढे राहिले. (हे तुळजाबाईंना सांगू नका.)