श्रावणातली रिकामी चिंच

शिवाजी पेठ, कोल्हापूर
१८ ऑगस्ट

प्रिय हाफिजा,

फोनवर तू मशीन चालवत बोलतेस आणि मला मुद्द्यावर येता येत नाही, म्हणून लिहिते आहे. परवा शिरोळला येऊन गेले. तुझ्या दाराशी मात्र आले नाही. का, ते शेवटी सांगते.

शाळेत आपण एका बाकावर होतो. पुढे मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवू लागले, तू ब्लाउज शिवू लागलीस. जिल्ह्यात मोठी वटवाघळं कुठे आणि वर्षातले किती महिने राहतात, हे पाहायला घेतलं तेव्हा तुझ्या दारासमोरची चिंच माझ्या यादीत पहिली होती. पहिल्या संध्याकाळी मी घड्याळ काढलं, तर तू म्हणालीस, "घड्याळ कशाला गं? सुईत दोरा ओवंना झाला की उडत्यात." आणि तशीच उडाली. मी चारशे बारा मोजली. तू म्हणालीस, चारशे सोळा. तेवढ्यात फांदीआडची चार उडाली. तसे डोळे मी अजून कुणाचे पाहिले नाहीत.

चार वर्षं मी दर दिवाळीत आणि मे महिन्यात आले. झाड दर वेळी भरलेलं. अहवालात लिहून टाकलं, मुक्काम बारमाही. तू हसलीस. "तू सुट्टीला येतीस, संयोगिता. पावसाळ्यात ये की एकदा, झाड रिकामं असतंय." मापांच्या वहीत मागच्या बाजूला तू टिपके मांडले होतेस, एका टिपक्याला दहा वाघळं. आषाढात विरळ, श्रावणात कोरं पान, नवरात्रात पुन्हा गर्दी. मलकापूरला दिलेल्या तुझ्या बहिणीला, सनाला, दर आठवड्याला फोन करून तिथल्या वडाचेही टिपके तू शेजारी घेतले होतेस. इथली कमी होतात तेव्हा तिथली वाढतात. मी वही चाळली आणि म्हणाले, छान आहे, पण मोजण्याची एक पद्धत असते गं. तू वही मिटलीस आणि चहा टाकलास.

परवा चिंचेवर एकही वाघूळ नव्हतं. रस्ता रुंद करणारे ठेकेदार हंबीरराव माझा अहवाल हातात घेऊन उभे होते. "बाई, बारमाही लिवलंय, मग हैत कुठं? गेली की! आता झाड कशाला राखायचं?" कॉलेज चालू असताना मी एकदाही तिकडे फिरकले नव्हते.

गुरुवारी अकराला शिरोळच्या तहसील कचेरीत ते झाड तोडायचं की राखायचं याची बैठक आहे. वाघळं परत येतात हे सांगणारी वही साऱ्या जिल्ह्यात एकच आहे, आणि तिच्या पुढच्या पानांवर तुझ्या गल्लीतल्या बायकांची मापं आहेत. माझा अहवाल मी मागे घेतला. नव्यावर आधी तुझं नाव लिहिलंय, खाली माझं. वही घेऊन ये, हाफिजा, आणि आकडे तूच सांग. मी शेजारी बसेन. त्या दिवशी तू टाकलेला चहा न पिताच मी उठले होते, तुझ्या दाराशी यायला त्याचीच लाज वाटली.

तुझीच,
संयोगिता