ग्रहण म्हणजे नुसती सावली

१८ फेब्रुवारी
जाऊबाईंचा हुकूम आला. ३ मार्चला चंद्रग्रहण. माझी सून यामिनी सातव्या महिन्यात, म्हणून तिने सकाळपासून उपाशी राहायचं. खोलीबाहेर यायचं नाही. चाकू-सुई धरायची नाही. ओढणीला गेरू लावायचा. नाहीतर बाळाचा ओठ फाटतो म्हणे. मी तोंडावर सांगितलं, माझी सून उपाशी राहणार नाही. तिची शुगर खाली जाते, डॉक्टरीणबाईंनी थोड्या थोड्या वेळाने खायला सांगितलं आहे. जाऊबाई म्हणाल्या, "शर्मिला, पाचवी शिकलेल्या बाईनं विज्ञान सांगू नये." अच्छा? आता विज्ञानच सांगते.
ठराव: त्या दिवशी यामिनी पोटभर जेवेल आणि मी तिचा हात धरून गच्चीवर उभी राहीन. सगळ्या कॉलनीने बघावं.

१९ फेब्रुवारी
यामिनी कोचिंगमध्ये नववीला सायन्स शिकवायची. म्हटलं, मलाही शिकव. आजचा शब्द गुरुत्वाकर्षण. पृथ्वी सगळ्यांना खाली ओढते. म्हणजे माझ्या वजनात माझा दोष नाही. शाळेत हे वेळेवर सांगितलं असतं तर मी शाळा सोडली नसती.

२१ फेब्रुवारी
जडत्व. बाहेरून धक्का बसल्याशिवाय वस्तू जागची हलत नाही. ह्यांना वाचून दाखवलं. हे सोफ्यावरून म्हणाले, "एकदम बरोबर," आणि तसेच पडून राहिले.
उत्प्रेरक. स्वतःला काही होत नाही, दुसऱ्यांना भडकवतो. म्हणजे जाऊबाई. यामिनी म्हणाली, "आई, भडकवत नाही, क्रियेचा वेग वाढवतो." तेच तर म्हणून राहिली मी.

२४ फेब्रुवारी
संप्लवन. कापूर पातळ न होता सरळ हवेत जातो. आमचा पियूषही. बायकोला दवाखान्यात न्यायची वेळ झाली की मुलगा दिसतच नाही.
प्रकाशवर्ष. यामिनी म्हणते हे अंतर आहे. वर्ष काय फुटपट्टीनं मोजतात? पुस्तकात चूक आहे. पोटुशी बाईशी वाद घालू नये म्हणून सोडून दिलं.

२६ फेब्रुवारी
आज ग्रहण. टॉर्च सूर्य, मोसंबी पृथ्वी, लिंबू चंद्र. मोसंबीची सावली लिंबावर पडली. बस, इतकंच! राहू नाही, केतू नाही. लगेच जाऊबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "आता त्या चंद्राचं सरबत कर आणि डोकं थंड ठेव." जळतात.

२८ फेब्रुवारी
सराफ्यात पैंजण सांधायला गेले. येताना शेजारच्या दुकानातून गेरू घेतला. कुंड्या रंगवायच्या आहेत. कुंड्या दोनच आहेत. पण रंगवायच्या आहेत.

१ मार्च
घरातले चाकू, सुया, कैची सगळं कपाटात टाकून कुलूप लावलं. घर्षणाने धार जाते, वस्तूंना विश्रांती पाहिजे. पियूष म्हणाला, "आई, काहून चाकू लपवून राहिली?" त्याला घर्षण कळत नाही.

३ मार्च, दुपार
यामिनीला सकाळी पोहे दिले. कांदा नाही, कारण चाकू नाही. वरून तुळशीचं पान ठेवलं. ती म्हणाली, "पोह्यात तुळस?" म्हटलं, कोथिंबीर महाग झाली. दुपारी वरणभात दिला, त्यातही तुळस. खाल्लं तिने. अर्धा ठराव पार पडला. ती जेवत होती तेव्हा मी देवघरात बसून गुरुत्वाकर्षण, गुरुत्वाकर्षण म्हणत होते. पाठांतर.

३ मार्च, संध्याकाळ
चंद्र ग्रहण लागलेलाच उगवणार होता. यामिनी ओढणी घेऊन तयार. "चला आई." मी दारात उभी राहिले. म्हटलं, जिना उंच आहे, गुरुत्वाकर्षण आहे. तेवढ्यात तिला ओढणीच्या टोकाचा लाल डाग दिसला. बोटानं चोळून म्हणाली, "हा गेरू आहे. आयर्न ऑक्साइड." मी म्हटलं, बघ, मग सायन्सच झालं ना! ती हसली नाही. डोळे पुसत म्हणाली, "आई, हात धरीन तुम्हीच म्हणाल्या होत्या."
नेमक्या जाऊबाई आल्या. मला वाटलं, आता माझ्या बाजूने बोलतील. तर म्हणाल्या, "शर्मिला, तू तर माझ्याहून जास्त घाबरून राहिली!" मग यामिनीकडे बघून, "रडू नको गं. रडलीस तर बाळाला आधी त्रास होईल. जेवलीस ना? चल, मी धरते हात. थोडंसंच बघू."
गेल्या दोघी. गच्चीवरून हसण्याचा आवाज येत होता. मी खिडकी लावून घेतली. बाहेर धूळ होती.

४ मार्च
चंद्र म्हणे कोणीतरी चावलेल्या लिंबासारखा दिसला. यामिनी आता जाऊबाईंना प्रच्छाया-उपच्छाया शिकवून राहिली. मला आज नवा शब्द दिला नाही. मागितलाही नाही मी. माझाही प्रयोग झालाच आहे: खिडकी बंद असली की ग्रहण दिसत नाही. सिद्ध.
कुंड्या रंगवल्या. दोन्ही. गेरू बराच उरला, तो फेकला नाही.
विज्ञानावर माझा पूर्ण विश्वास आहे. मे महिन्यात बाळाचा ओठ बघितला की आणखी बसेल.