हास्य क्लबातली मधली जागा

हिंगवाडे,
ता. ११ जानेवारी २०२५

चि. जितेंद्रास,
आबाचे आशीर्वाद, टपालात मावतील तेवढे सगळे.

तुझी ज्योतीअक्का दोंडाईच्याहून आली की तुझा फोन माझ्या कानाला लावते, पण कापसाच्या जिनिंगमधल्या यंत्रांनी कान खाल्ले ते खाल्ले. मला नुसती घरघर ऐकू येते. म्हणून पत्रच बरं. पत्राला कान लागत नाहीत.

बातमी अशी की आपल्या गावात बाग झाली. गुरांच्या बाजाराची जागा आठवते ना, जिथं पाय ठेवायला कोरडी जमीन सापडायची नाही? तिथं आता हिरवळ, चालायला गोल रस्ता, पोरांना घसरगुंडी आणि सिमेंटचं एक हरीण. व्यायामाची लोखंडी यंत्रंही बसवली. बाया पदर खोचून त्यावर पाय झुलवतात. हार्डवेअरवाले भूपेंद्रशेठ उद्यान समितीचे अध्यक्ष आहेत. त्यांनी घरोघर फिरून म्हाताऱ्यांना बाहेर काढलं. तुझी आई गेल्यापासून मी भिंतीकडे तोंड करून पडलेलो असायचो. शेठ स्वतः आले आणि हाताला धरून घेऊन गेले.

रोज सकाळी तिथं हास्य क्लब भरतो. गोल करायचा, हात वर करायचे आणि हसायचं. मला शेठनी मधली जागा दिली. माझं हसणं सगळ्यांत मोठं, असं त्यांनी खुणेनं सांगितलं. बाकीचे कधी थांबतात ते मला कळत नाही, मी आपला हसत राहतो. डोळे उघडून बघतो तर अख्खं गाव माझ्याकडे बघून हसत असतं. इतकी माणसं माझ्याकडे आनंदानं बघतात असं आजवर कधी झालं नव्हतं. मला हिरवी टोपीसुद्धा दिली आहे.

तू आता तरी एका ठिकाणी टिक. आठवण काढत जा, तेवढ्यावर आमचं भागतं.

आबा

मोरबी,
ता. २६ जानेवारी

ती. आबांना,
जितेंद्राचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

पत्र मिळालं. सातवीत शाळेनं मला सोडलं का मी शाळेला, ते अजून ठरलं नाही, तेव्हा अक्षराला हसू नका. तुम्हाला आता हसायला बाग मिळाली आहे.

सुरत झालं, वापी झालं, आता इथं टाईलच्या भट्टीवर आहे. टाईल्स पट्ट्यावरून भट्टीत जातात, पलीकडून भाजून निघतात, आणि मी फुटक्या बाजूला काढतो. तुमचं पत्र वाचून भट्टीपुढे एकटाच हसलो, तर मुकादम म्हणाला की याला ऊन लागलं. आई असती तर म्हणाली असती, घरात कधी दात दिसले नाहीत आणि आता गावाला दाखवत फिरतात.

खरं सांगतो, जिवाला बरं वाटलं. अक्का फोनवर सांगायची की तुम्ही पेजसुद्धा घेत नाही, तेव्हा मला इथं घास उतरायचा नाही. भूपेंद्रशेठना माझा नमस्कार सांगा. चांगला माणूस दिसतो.

रागावला असाल तर राग असू द्या, पण माया आटू देऊ नका.

तुमचा
जितेंद्र

मोरबी,
ता. २ मार्च

अक्का,
नमस्कार, दाजींनाही.

अक्षर बिघडलंय ते रागानं. आजारी नाही.

काल जेवणाच्या सुट्टीत आमच्या लाईनवरचा एक बिहारी भाऊ मोबाईल फिरवत होता. रीलमध्ये हिरव्या टोपीचा एक म्हातारा हात वर करून हसत होता. बाकीचे सगळे थांबलेले, हा एकटाच चालू. डोळे मिटलेले, तोंडात मोजके दात. आधी मीपण हसलो, अक्का. टोपी मागे सरकली तेव्हा कळलं की आपले आबा आहेत.

पुढचं ऐक. शेठ माइक घेऊन विचारतो, "आबा, तुमना पोऱ्या जेलमा शे ना?" आबा मान हलवून म्हणतात, "हा भाऊ, तुमनी दया." लोक लोळतात. मग तो विचारतो, "ताईबाई मरनी, बरं वाटनं ना?" आपल्या आईचं नाव, अक्का. आबा हात जोडून म्हणतात, "बठ्ठं चांगलं शे." आई मेली त्यावर, सगळं चांगलं!

खाली लिहिलंय, हसरे आबा. आता इथं प्रत्येक जण हात वर करून तसं हसून दाखवतो. तो माझा बाप आहे, हे मी कोणाला सांगितलं नाही. तू दोंडाईच्यात, गावापासून हाकेच्या अंतरावर. तुला माहीत होतं का?

उत्तर धाड. धाकटा भाऊ म्हणून जे काही वाटत असेल ते वाटू दे.

जितू

दोंडाईचा,
ता. १० मार्च

चि. जितू,
अक्काचे आशीर्वाद.

माहीत होतं. मी शेठच्या दुकानावर जाऊन भांडले. तो म्हणाला की गंमत आहे, ताई, मनावर घेऊ नका. आबांमुळे बागेत माणसं येतात, आनंदी नगर स्पर्धेत गाव वर चढलंय. शाळेतल्या निवृत्त बाई आहेत ना, प्रमिलाबाई, त्या एकदा सगळ्यांदेखत बोलल्या की हे बरं नव्हे. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या शेजारी कोणी उभं राहीना.

मग मी आबांना सांगायचंच ठरवून घरी गेले. ते टोपी धुऊन तारेवर वाळत घालत होते. माझ्यासमोर दोन भाकरी खाल्ल्या आणि मिरची मागितली. गेल्या वर्षी मी याच माणसाला चमच्यानं पाणी पाजत होते. मी न सांगता परत आले.

तू सांगू नकोस. तुला राग काढायचाय, त्यांना जगायचंय. तू सांगून मोकळा होशील, पुढच्या महिन्यात गाव बदलशील, आणि भिंतीकडे वळलेलं ते तोंड मला बघावं लागेल.

दाजी तुला विचारतात. माहेर म्हणून मला तुम्ही दोघंच आहात, हे विसरू नकोस.

अक्का

मोरबी,
ता. २० मार्च

ती. आबांना,
नमस्कार.

हे पत्र घरीच वाचा. कोणाच्या हातात देऊ नका.

अक्कानं सांगू नको म्हटलं होतं. पण मला गप्प बसवत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. आबा, मधली जागा तुम्हाला मानानं दिलेली नाही. तमाशा गोलाच्या मधोमध असतो, म्हणून दिली आहे. तुम्हाला ऐकू येत नाही हे बघून शेठ माइकवर काहीबाही विचारतो. पोरगा जेलमध्ये आहे का, विचारतो. तुम्ही हो म्हणता. बायको मेली, बरं वाटलं का, विचारतो. तुम्ही हात जोडता. आईच्या नावावर ते हसतात आणि त्यांच्यात सगळ्यांत मोठ्यानं तुम्ही हसता.

ती टोपी चुलीत घाला. उद्यापासून बागेत पाऊल टाकू नका. माझ्याकडे या. इथं भट्टीचा आवाज इतका असतो की कोणालाच काही ऐकू येत नाही, सगळे तुमच्यासारखेच. मी भाकरी थापायला शिकलोय, वाकडी होते पण पोटात सरळ जाते.

चुकून जास्त लिहिलं असेल तर पोटात घाला. तुमच्याशिवाय मला मोठं कोणी नाही.

जितेंद्र

हिंगवाडे,
ता. ३० मार्च

चि. जितेंद्रास,
आबाचे आशीर्वाद, आणि आज शाबासकीपण.

तुझ्या पत्रानं कमाल केली. मी बागेत जायला निघालो होतो, तर फाटकाशी पोस्टमन जीवरामनं पाकीट हातात दिलं. चष्मा घरी होता म्हणून पाकीट खिशात ठेवलं. शेठना ते दिसलं. त्यांनी खुणेनं विचारलं, पोराचं का? मी छाती फुगवून हो म्हटलं. बाकीच्यांच्या पोरांचे मोबाईलवर नुसते अंगठे येतात, माझ्या पोराचं पान भरून पत्र. शेठनी पाकीट फोडलं आणि माइक हातात घेतला.

पहिल्याच ओळीला ते थबकले आणि माझ्याकडे बघू लागले. मी म्हटलं, वाचा, मोठ्यानं वाचा. मग त्यांनी वाचलं, जितू. मधे मधे थांबून, हात नाचवून, नाटकात वाचतात तसं. लोक पोट धरून हसले. एक जण तर हिरवळीवर बसलाच. प्रमिलाबाई तोंडाला पदर लावून निघून गेल्या. त्यांना दमा आहे, इतकं हसू सोसत नसेल. काही जण मात्र आपल्या चपलांकडे बघत उभे होते. दोघांनी डोळे पुसलेले मी पाहिले. खूप हसलं की माणसाच्या डोळ्यांत पाणी येतंच.

शेवटी शेठनी मला जवळ ओढून काहीतरी विचारलं. मी हो म्हणून मान हलवली, तेव्हा तर टाळ्याच पडल्या. सगळं शूटिंग केलंय. तुझ्या मोबाईलवर येईल, नक्की बघ.

पण पत्र शेठनी ठेवून घेतलं. मला वाचायला मिळालंच नाही. ज्योती आली होती, तिला हे सगळं सांगितलं, तर ती उठली आणि घासलेलीच भांडी परत घासत बसली. तिचं काय बिनसलं कळत नाही.

तर तू त्यात काय लिहिलं होतंस, ते परत लिहून पाठव. अक्षर मोठं काढ. अख्खं गाव हसलं, मीच तेवढा राहिलो.

लवकर लिही. म्हाताऱ्याला वाट बघायला लावू नको.

आबा

मोरबी,
ता. ८ एप्रिल

ती. आबांना,
पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

मोरबी सोडतोय. नवा पत्ता मिळाला की कळवीन.

त्या पत्रात तसं विशेष काही नव्हतं. आमच्या मॅनेजरसाहेबांना टक्कल आहे, ते केसांचा टोप घालतात. एकदा ते वाकून टाईल तपासत होते, तर टोप पट्ट्यावर पडला आणि टाईलबरोबर भट्टीत निघाला. साहेब पट्ट्याच्या कडेनं धावतायत, त्यांच्या मागे मुकादम, मुकादमाच्या मागे आम्ही. पलीकडून टाईल निघाली, तिच्यावर टोपाचा नुसता काळा डाग. पॅकिंगवाल्यांना वाटलं की नवीन डिझाईन आहे. त्यांनी पेटीत भरून पाठवली. आता कोणाच्या तरी न्हाणीघरात साहेबांचे केस बसवलेले असतील.

एवढंच होतं, आबा. त्यालाच हसले लोक. दुसरं कशाला हसतील.

बागेत जात जा.

तुमचा
जितेंद्र