अकरा मिलिमीटर

कांदिवली,
रविवार

प्रिय सुयोगदादा,

कांदिवलीहून नाहूरला कोणी पत्र पाठवतं का, असं तू म्हणशील. फोन का केला नाही ते शेवटी सांगते. आधी घरचं. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आता तिला माझ्या कुर्त्यावरचा प्रत्येक डाग दिसतो आणि ती तो मोजून दाखवते. बाबा काठी घेऊन जिना उतरतात. चढताना कठडा लागतो, पण कोणी हात पुढे केला की चिडतात. मला कंपनीने टेस्टिंगमध्ये कायम केलं. दिवसभर लोकांच्या गाड्यांची सस्पेन्शन तपासते. तुझ्या खोलीत मी झोपते. तुझं कपाट उघडलेलं नाही.

गाडी अजून खालीच आहे, त्याच खांबाशेजारी, कव्हर घालून. महिनाअखेर हलवा, अशी सोसायटीची नोटीस आली, म्हणून काल भंगारवाला बघायला आला. त्याच्याकडे नंतर येते.

रुंद चाकांची हौस तुझी होती, पण गणित माझं होतं. एकशे पंचाहत्तर मिलिमीटर रुंदीच्या जागी दोनशे पाचचे टायर, म्हणजे चाक दोन्ही बाजूंनी बाहेर येणार आणि मडगार्डच्या कमानीत आत वळवलेली पत्र्याची कड त्याला लागणार. घाटकोपरला प्रितमच्या गॅरेजमध्ये आपण आख्खा शनिवार घालवला. हीट गनने रंग गरम करून, चाकाच्या जागी रोलर बसवून त्याने ती कड हळूहळू आत दाबली. रंगाला एक तडा गेला नाही. तू त्याला सारखा सांगत होतास, “आमच्या घरची इंजिनिअर आहे, नाद नाय करायचा.” मी हसले नाही, पण मला ते आवडलं होतं. चार वर्षं शिकले, आणि घरातलं कोणीतरी पहिल्यांदा माझ्याकडे त्यातलं काम घेऊन आलं होतं.

काम झाल्यावर प्रितम म्हणाला, “ताई, मागे तीन माणसं बसवू, डिकीत गोणी टाकू, मग बघू घासतंय का. आपली पद्धत आहे.” मी म्हटलं, गरज नाही, हिशेब केलाय. तो तुझ्याकडे बघायला लागला. तू म्हणालास, “अरे, तिने लिहून दिलंय ना यार!” वहीचा कागद होता. ‘भरलेल्या गाडीत शिल्लक जागा सात मिलिमीटर.’ खाली माझी सही आणि तारीख. तू तो घडी करून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलास.

हिशेबात मी मागच्या स्प्रिंगा नव्या धरल्या होत्या. पुस्तकात आकडा होता, तो घेतला. गाडी नऊ वर्षांची होती. दर मे महिन्यात गावाहून येताना आपण तिच्यात काय काय भरायचो, ते मला पाठ होतं. तांदळाची गोणी, नारळ, दोन फणस, आईचा कोकमाचा डबा, आणि वर काकू. नऊ वर्षं ते ओझं वाहून स्प्रिंगा बसल्या होत्या आणि गाडी मागून चाकांवर दबली होती. दुसऱ्या कोणाची गाडी असती तर मी हा प्रश्न विचारला असता. आपली होती म्हणून विचारला नाही.

त्या मे महिन्यात गावाहून परतताना वडखळच्या अलीकडे डावा मागचा टायर फुटून गाडी आदळली तेव्हा मी मागे मधल्या सीटवर होते. मला वेगाचा काटा दिसत होता. बासष्ट. हॉस्पिटलात बाबांच्या पायावर प्लास्टर चढत होतं आणि ते म्हणाले, “मी दोनदा सांगितलं होतं, हळू चालव.” तू म्हणालास, “हो. वेग होता.” मी दारात पाण्याची बाटली घेऊन उभी होते. त्याआधी, गाडी टो करून नेताना, तू कप्पा उघडून तो कागद खिशात घातलास. ते मी पाहिलं, आणि मी पाहिलं हे तुलाही माहीत होतं. बाबा तुझ्याशी बोलेनासे झाले, तू नाहूरला खोली घेतलीस, आणि मी तीन वर्षं तो विषय काढला नाही. तुझ्यासमोरही नाही.

काल भंगारवाल्याने कव्हर काढलं. बाबा त्याच्याशी घासाघीस करायला खाली उतरले होते. बोलता बोलता डाव्या कमानीजवळ वाकले, काठी माझ्याकडे दिली आणि आतल्या कडेवरून अंगठा फिरवला. तीस वर्षं लेथवर काढलेला माणूस. कडेवर रबर काळं चिकटून होतं, पत्रा घासून चकचकीत झाला होता. ते म्हणाले, “हे वेगाने होत नाही. हे घासून झालंय.” मग माझ्याकडे बघितलं. गंज आहे, असं म्हणता आलं असतं. मी म्हटलं, “बाबा, माप माझं होतं. दादा बासष्टवर होता.”

त्यांनी एवढंच विचारलं, “किती चुकलं?” आकडा माझ्याकडे तयार होता. अपघातानंतर दोन महिन्यांनी मी खाली जाऊन उजवी स्प्रिंग मोजली होती आणि सगळं पुन्हा मांडलं होतं. कागदावर सात शिल्लक होते, प्रत्यक्षात चार कमी पडले. “अकरा मिलिमीटर,” मी म्हटलं. बाबांनी काठी परत घेतली आणि ते कठडा धरून वर गेले.

एक गोष्ट तुलाही माहीत नाही. माणगाव सोडल्यावर प्रत्येक खड्ड्याला मागून खरखर येत होती, नंतर रबराचा वास आला. मी तो ओळखला. पुढे चहाला थांबू तेव्हा तुला बाजूला घेऊन सांगायचं ठरवलं. बाबांसमोर माझं माप चुकलं असं निघायला नको होतं. तो चहा आलाच नाही. हेही मी काल रात्री बाबांना सांगितलं. आई रडली. बाबा जेवत राहिले.

आज सकाळी मी तुला फोन लावत होते. बाबांनी हात आडवा धरला. म्हणाले, “फोनवर नको. माप लिहून दिलं होतंस ना? मग चूकपण लिहून दे. खाली सही कर.” म्हणून हे पत्र. पाकीट ते स्वतः टाकायला जाणार आहेत, काठी घेऊन, पोस्टापर्यंत. त्यांना तुला काही लिहायचंय का, असं मी विचारलं. त्यांनी पेन हातात घेतलं, मग मलाच परत देऊन म्हणाले, “भंगारवाल्याला थांब म्हटलंय. सुयोग येऊन बघेपर्यंत गाडी हलणार नाही, असं लिही.” येताना तो कागद घेऊन ये. त्यावरचं सात खोडून मला खरा आकडा लिहायचाय.

तुझीच,
दर्शना