उत्तर ग्रामीणची पुढची खोली

काल बाजारातून आले ते असे: जाड कागदाचे ताव सहा, दीड रुपया. शाईची लहान बाटली, दोन रुपये दहा पैसे. मोठे लिफाफे दोन, चाळीस पैसे. मृत्युपत्राला साधा कागदही चालतो, हे वकिलांनी ताव आणल्यावर सांगितले. उरतील त्या तावांवर नातीने अभ्यास करावा.

तर मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, शिक्षण मॅट्रिक, काम घर सांभाळणे, कैलासवासी छापखानेवाल्यांची पत्नी, परमेश्वराला स्मरून लिहिते की माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण त्यांचा मृत्युपत्राशी संबंध नाही. कोणाच्या धाकाने किंवा लाडीगोडीने मी हे लिहीत नाही. सूनबाई कालपासून जरा जास्तच गोड बोलते आहे, तरीही नाही.

१. राहते घर, मागच्या अंगणासह, माझ्या नावावर आहे. माझ्या पश्चात ते माझ्या मुलाचे. मात्र रस्त्याकडच्या पुढच्या खोलीत राहण्याचा हक्क माझ्या थोरल्या जाऊबाईंना, त्या हयात असेपर्यंत. त्यांना तिथून कोणी उठवू नये. खोली भाड्याने देऊ नये.

मुलाला तिथे औषधांचे दुकान घालायचे आहे. तो म्हणतो, "आई, रस्त्याकडची खोली म्हणजे चालून आलेली लक्ष्मी. आणि काकू तिकडे मुलीकडे सुखात आहेत की. दर पत्रात लिहितात."

सुखात असलेली बाई दर पत्रात तसे लिहीत नाही. गेल्या वर्षी मी जाऊन पाहून आले. जिन्याखाली खाट. जावई उठायच्या आत ती घडी करून भिंतीला लावायची आणि दिवसभर 'मी कुठे बसू' अशा चेहऱ्याने वावरायचे. भाऊजींनी, म्हणजे जाऊबाईंच्या यजमानांनी, आजारपणात या घरातला आपला अर्धा हिस्सा आमच्या यांना विकला, तो कागद चोख आहे. त्या कागदाच्या वेळी जाऊबाईंना कोणी विचारले नव्हते, इतकेच.

२. ही खोली त्यांनाच का, हे मुलाला कळावे म्हणून पुढचे लिहिते. वकील म्हणाले, "बाई, हा इतिहास मृत्युपत्रात कशाला?" मी म्हटले, "मग कुठे लिहू? तुम्हीच जागा सांगा." त्यांनी पेन खाली ठेवून चहा मागितला.

इंग्रज साहेबाच्या राज्यात हा सगळा मुलूख 'उत्तर ग्रामीण' मतदारसंघ होता. साहेबाने नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारली. ती नेमकी गिरणीवाल्याच्या आवारातून गेली. माणसे उत्तरेत, गोठा दक्षिणेत. मत सगळ्यांना नव्हते. ज्याचा शेतसारा ठरावीक रकमेच्या वर त्याला, मॅट्रिक झालेल्याला, आणि पुढे अशांच्या बायकांनाही. बाकीचे लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून दुसऱ्याच्या घरचे लग्न पाहावे तसे पाहायचे. तरी 'आपले उत्तर ग्रामीण' म्हणताना छाती त्यांचीच जास्त फुगायची. कुस्तीत आपला गडी, शाळेत आपला पहिला नंबर, बाजारात आपला कांदा, सगळे 'उत्तर ग्रामीणचे'.

इथून निवडून गेलेल्या आमच्या मेंबराला पूलमेंबर म्हणत, कारण त्यांचे प्रत्येक भाषण कालव्यावरच्या पुलाने सुरू होऊन पुलानेच संपे. पुढच्या खोलीत तेव्हा आमचा छापखाना. पूलमेंबर स्वतः बाकावर बसून शेंगदाणे खात प्रूफ तपासायचे. "छापखानेवाले, पूल जरा मोठ्या अक्षरात घ्या."

"तुम्ही आधी पूल घ्या, मग अक्षर मोठे करू," हे म्हणाले. सगळ्यात मोठ्याने पूलमेंबरच हसले. माणूस वाईट नव्हता. फक्त पूल होत नव्हता.

मतदारयादीही आमच्याकडेच छापली जाई. बायकांना मत मिळाले त्या वर्षी यादी फुगली, पण बायकांनी नावे सांगितली नाहीत आणि कारकुनांनी विचारली नाहीत. अमक्याची पत्नी, तमक्याची आई, सून. आमच्या घराच्या दोन ओळी होत्या, एकीखाली एक. वरची 'सून', ती जाऊबाई, भाऊजींच्या शेतसाऱ्यावर. खालची 'सून, मॅट्रिक', ती मी, माझ्या स्वतःच्या शिक्षणावर. छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची अक्षरे, जुळवताना हे वरची ओळ लावून पुन्हा हस्तलिखिताकडे वळले, नजर खालच्या 'सून'वर पडली आणि ही झाली असे समजून पुढच्या घराकडे गेली. जुळाऱ्यांच्या भाषेत याला ओळ सुटणे म्हणतात. दुसऱ्यांच्या शंभर सुना यांनी नीट लावल्या, सुटली ती स्वतःची बायको. प्रूफ भाऊजींनी वाचले, पण ते आकडे तपासायचे, सुना नाही.

मतदान आमच्याच खोलीत झाले, कारण दार रुंद. पडद्यामागे दोन पेट्या, पिवळी पूलमेंबरांची, हिरवी डॉक्टरांची. डॉक्टर मुलींच्या शाळेसाठी उभे होते. मी आदल्या रात्रभर डॉक्टर, डॉक्टर करून घर डोक्यावर घेतले होते. सकाळी देवापुढे दिवा लावून आम्ही दोघी जावा पुढे आलो. मतदान अधिकाऱ्याने यादीवरून बोट फिरवले.

"या घरात सून एकच आहे."

हे म्हणाले, "अहो, दोन आहेत. समोर उभ्या आहेत."

"समोर असतील. यादीत एक आहे."

सगळे माझ्याकडे पाहू लागले, कारण वाचता येणारी मी. एवढ्यात जाऊबाई म्हणाल्या, "मी थोरली," आणि कागद घेऊन पडद्याआड गेल्यासुद्धा. बाहेर येऊन माझ्या खांद्याला हात लावला. "पुढच्या खेपेला तू जा गं."

पुढची खेप आली नाही. साहेब गेला. सगळ्यांना मत मिळाले, हे फार चांगले झाले; रस्त्याच्या कडेचे लोक आत आले. पण जुनी चादर फाडून तीन पायपुसणी करावीत तसे उत्तर ग्रामीण शेजारच्या तीन मतदारसंघांत वाटले गेले. पूल झाला तो त्यानंतर, दुसऱ्याच कोणाच्या हातून, तरी लोक अजून त्याला उत्तर ग्रामीणचा पूल म्हणतात. नंतरचे एकही मतदान मी चुकवले नाही. पण माझ्या गावांना जेव्हा एकच नाव होते, तेव्हा मला मत देता आले नाही. घरात दूध संपले की "पुढच्या खेपेला तू" म्हणून सगळे हसत. मला हसू यायला बरीच वर्षे लागली.

भाऊजी गेल्यावर जाऊबाई मुलीकडे निघाल्या. गाठोडे बांधत होत्या. मी सहज विचारावे तसे विचारले, "तेव्हा मत कोणाला दिलेत हो?"

"हिरव्या पेटीत टाकलं."

"डॉक्टरांना? तुम्हाला तर पूल हवा होता."

त्यांचे माहेर कालव्यापलीकडे. पूल नसल्याने आईच्या शेवटच्या आजारातही त्यांना फेरा घालून जावे लागले होते.

"हवा होता की," त्या म्हणाल्या. "पण ओळ तुझी सुटली होती ना. अधिकाऱ्यानं तुला कागद दिला असता तर तुझ्या भाऊजींनी घर डोक्यावर घेतलं असतं, थोरलीला डावललं म्हणून. मग मी गेले, नि तुझं टाकून आले. डॉक्टर पडले, त्याला मी काय करू?"

एवढी वर्षे का सांगितले नाही, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "तू कुठं विचारलंस?"

३. छापखान्याचे यंत्र व खिळ्यांच्या पेट्या मुलाने विकाव्यात, पण भंगाराच्या भावाने नाही. यादीची उरलेली एक प्रत नातीला. ती कॉलेजात इतिहास शिकते. तिने विचारले होते, "आजी, यात तू कुठेस?" दोन ओळींच्या मधल्या जागेत, बाळ.

४. टपाल खात्यातली बचत सूनबाईला. मुलाच्या हाताला भोक आहे. शेजारच्या शिंपिणीने नेलेले पातेले तिला माफ, झाकण मात्र परत आणावे; तिच्याकडे ते पातेल्याला नाही, पिंपाला आहे.

५. माझ्यामागे कोणी खर्च करू नये. प्रार्थना फुकट असते.

६. वकील म्हणतात, मृत्युपत्रातले सगळे माणूस गेल्यावर लागू होते, 'आत्ता' हा शब्द त्यात बसत नाही. जाऊबाई एकोणऐंशीच्या आहेत. त्या माझ्या मरणासाठी थांबतील का? म्हणून कलम एकमधली खोली आजपासून त्यांची, असे मी मुलाला तोंडी सांगितले. तो जेवून उठला. मग म्हणाला, "दुकानाला दुसरी जागा बघतो. पण आई, काकू येतील का?" म्हणून याची एक प्रत त्यांनाच धाडते आहे.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली. शुक्रवार, ७ मार्च १९८६. वर लिहिले ते वाचून, पटून, चष्मा लावून सही केली.
(सही) लिहिणारी

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली. बाईंनी आम्हाला यात काही दिलेले नाही, चहा सोडून.
साक्षीदार: (सही) टपाल कचेरीचे निवृत्त मास्तर
साक्षीदार: (सही) गिरणीवाली

प्रत थोरल्या जाऊबाईंना, रजिस्टरने.

जाऊबाई, खोली झाडून घेतली आहे. खाट खिडकीशी लावली आहे, ती घडीची नाही. उपकार म्हणून येऊ नका आणि भीड म्हणून नाही म्हणू नका. तुम्ही अक्षरे छापखान्यातल्या उलट्या कोरलेल्या खिळ्यांवरून शिकलात, म्हणून लिहिताना अजून काही उलटी पडतात, आणि त्या लाजेने तुम्ही पत्रे मुलीकडून लिहून घेता. या वेळी तिच्याकडे देऊ नका. 'येते' किंवा 'येत नाही', तुमच्या हातचे एवढेच हवे. उलटे असले तर मी आरशापुढे धरून वाचीन. पण कळवा मात्र उलट टपाली.