मुका राक्षस

सदर, नागपूर
शुक्रवार, १६ जानेवारी २०२६

प्रिय नंदाताई,

वाणाचा डबा अबोलीनं तुझ्याच हातात दिला असेल. चिठ्ठी तिळगुळाखाली ठेव असं मीच तिला बजावलं होतं. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाच. बैठक हळदीकुंकवाच्या बायकांनी भरलेली आहे तोवर तुला कोणी हाक मारणार नाही.

संक्रांतीला गोड बोलायचं असतं, म्हणून आधी गोड बातम्या. लग्नसराईसाठी नवे स्पीकर घेतले. ते वाजवून पाहिले तर शेजारचा नत्थू शिंपी धावत आला, "सुशीलभाऊ, कपडा राहिला बाजूले, माह्या दातालेच टाके पडून राहिले गा!" भोंगे दुरुस्त करणाऱ्या पोराचं एवढं मोठं दुकान झालं, हे आईनं पाहायला हवं होतं. तुझ्या भाचीची, अबोलीची, परीक्षा बरी गेली. दिवाळीत लग्न झालं तुझं, म्हणजे ही पहिली संक्रांत. पन्नाशीत हलव्याचे दागिने घालायला लाजली असशील. घाल गं, शोभतात.

आणि आपला राक्षस. तो मी पूर्ण पाहिला.

तुला फोन केला त्या दिवशी नुसता सापडला होता. कन्हानच्या चाळीत, आनंदरावांच्या टीव्हीवर (भाऊजींच्या म्हणायला हवं, पण जीभ वळत नाही) रविवारी संध्याकाळी पाहिलेला, तलावातून निघणारा. कोण्या हौशी माणसानं इंटरनेटवर टाकला आहे. सिनेमाचं नाव आपल्याला कधी कळलंच नव्हतं. पाट्या येत होत्या तेव्हा आपण दारात चपलांवरून भांडत होतो. राक्षस म्हणजे काथ्याचं पोतं पांघरलेला माणूस, पाठीवरची चेनसुद्धा दिसते. मी खूप हसलो. मग हसणं आपोआप थांबलं.

तो मुका आहे, ताई.

फोनवर तू लगेच म्हणाली होतीस, "तो घासत घासत यायचा नं रे? मग धप्प. मग कण्हायचा." मलाही अगदी तसंच आठवतं. पण सिनेमात तो आला की नुसती बासरी वाजते. टेप खराब असेल म्हणून मी कानाला चांगला हेडफोन लावून पुन्हा ऐकला. बेडूक ऐकू येतात, नायिकेच्या पैंजणातला एकेक घुंगरू ऐकू येतो. घासणं नाही. कण्हणं नाही.

तुझा फोन स्पीकरवर होता त्या दिवशी. मागून भाऊजी बोलले, "त्यात आवाज आहे का गा? जुन्या टेपचा आवाज उडून जाते." सिनेमा कुठं मिळाला, राक्षस आता कसा दिसतो, काही विचारलं नाही. तेवढंच. मी म्हटलं, अजून पाहायचा आहे. तेव्हा मला काही वाटलं नाही.

आता मला ती खोली दिसते. चाळभर माणसं त्यांच्या सतरंजीवर. आईनं विचारलं, "आनंद, तुझी कौसल्या कुठाय गा, दिसत नाही?" ते म्हणाले, "डोकं दुखून राहिलं तिचं. झोपली." मधल्या दाराला कडी होती, आपल्या बाजूनं. पलीकडून घासल्याचा आवाज आला की ते उठायचे, टीव्हीचं बटण पिळायचे आणि ओरडायचे, "पोट्टेहो, आला पहा राक्षस!" आणि आपण किंचाळायचो.

सकाळी कळलं की कौसल्याकाकू मोरीत घसरून पडल्या आणि वारल्या. पोलीस आले. सगळ्यांनी खरं तेच सांगितलं, आनंद सिनेमा संपेस्तोवर आमच्यासोबतच बसला होता. बसलाच होता. काकू त्या दाराशी सरपटत येत होत्या आणि आपण टाळ्या पिटत होतो.

कोर्टात यातलं काही टिकणार नाही, एवढं मला कळतं. एका माणसाचे कान, तेही तेव्हा सात वर्षांचे. मी चुकतही असेन. पण त्या फोननंतर तुझा फोन तेच उचलतात. एकदा म्हणाले तू झोपली आहेस. एकदा म्हणाले मंदिरात गेलीस, आणि मागं तू खोकलीस. तुझा खोकला मला कळत नाही का? मी धरमपेठेत आलो तर दारातूनच हसून परत पाठवलं, "साळेबुवा, तिले आराम करू द्या." आजचं बोलावणं आधीच गेलेलं होतं म्हणून दार उघडं आहे. उद्या नसेल.

एक गोष्ट लिहू की नको, असं करून राहिलो होतो. लिहितो. त्या संध्याकाळी मी तुझ्या मांडीवर होतो. राक्षस आला म्हणून सगळ्या मोठ्या पोरींनी लहान भावंडांचे डोळे झाकले. तू माझे कान झाकलेस. घट्ट, दुखेपर्यंत, तरी ते घासणं बोटांमधून ऐकू येतच होतं. अकरा वर्षांच्या पोरीला त्याहून जास्त काय करता आलं असतं? मी तुला दोष देत नाही गं. पुढे तूही स्वतःला सांगून टाकलं असशील की ते सिनेमातलंच होतं. तसं सांगितल्याशिवाय झोप आली नसती.

आता ऐक वं ताई. अबोली निघताना "आत्या, फाटकापर्यंत चल नं" म्हणेल. यजमानीण पोचवायला जातेच, कोणाला वावगं वाटणार नाही. पर्स घ्यायला आत जाऊ नको. तुझ्या रोजच्या गोळ्या मी आणल्या आहेत. बायकांच्या मधून चाल आणि भाऊजींनी हाक मारली तर "आलेच" म्हण, पण थांबू नको. गल्लीच्या तोंडाशी मी गाडीत आहे.

मग माझ्या घरी बसून मला वेड्यात काढ, वर्षभर भांड, मी खोटा निघालो तर त्यांच्या पाया पडायला मी स्वतः येईन. पण ते सगळं माझ्या घरी बसून.

गाडी चालू ठेवून वाट पाहणारा,
तुझा धाकटा
सुशील

ता. क. उत्तर लिहू नको. चिठ्ठी अबोलीच्या हातात दे आणि तिचा हात सोडू नको.